उपग्रहीय भूजल व पर्जन्यमापन (नाशिक जिल्हा)

उपग्रहांच्या नोंदींवरून भूजलसाठा आणि पाऊस यांतील बदल अजमावण्याची पद्धत.

ग्रेस ही अमेरिका-जर्मनीची उपग्रहजोडी २००२ ते २०१७ या काळात कार्यरत होती. मे २०१८ मध्ये तिची पुढची जोडी ग्रेस-एफओ अवकाशात गेली. मधल्या खंडाचे महिने अंदाजाने भरू नयेत. सुमारे २२० किमी. अंतराने मागेपुढे जाणाऱ्या दोन उपग्रहांमधील अंतर सूक्ष्मतरंगांनी मोजतात. खालचे पाणी वाढले की गुरुत्वाकर्षण वाढते आणि ते अंतर किंचित बदलते. मात्र यातून एकूण पाणीसाठ्यातला फरक कळतो. त्यातून मातीतली ओल आणि गंगापूर, दारणा, गिरणा यांसारख्या धरणांचा साठा वजा केल्यावर उरते ते भूजल. त्यामुळे वजाबाकीतली प्रत्येक चूक त्याच्याच माथी बसते. ओलीचे आकडे बहुधा संगणकीय प्रतिमानांतून घेतात आणि कांद्या-द्राक्षांना दिलेले पाणी त्यांत सहसा धरलेले नसते.

खरी अडचण आकारमानाची आहे. ग्रेसला साधारण ३०० किमी.पेक्षा बारीक दिसत नाही; जिल्हा जेमतेम १५,५०० चौ. किमी. त्यामुळे नाशिकच्या आकड्यात खानदेश, मराठवाडा, अगदी अरबी समुद्रही मिसळतो. शिवाय बेसाल्टच्या मुरमातून निथळणारे पाणी आकारमानाच्या साधारण २ टक्के. विहीर १ मी. उतरली तरी साठा २० मिमी.नेच घटतो, आणि उपग्रहाच्या मापातली चूकही जवळपास तेवढीच असू शकते. यंत्रशिक्षणाने (मशीन लर्निंग) हे आकडे तालुक्यापर्यंत उतरवतात. निरीक्षण विहिरींशी पडताळल्याशिवाय ते वापरू नयेत.

वायव्य भारतातील घट मुख्यतः उपशामुळे झाली, असे नासाचे शास्त्रज्ञ रॉडेल व सहकाऱ्यांनी ग्रेसच्या नोंदींवरून २००९ मध्ये मांडले. २०१७ मध्ये विमल मिश्र व सहकाऱ्यांनी देशभराच्या संदर्भात पावसातील चढउतारालाही मोठे स्थान दिले. नाशिकच्या उथळ खडकाला दुसरे मत अधिक लागू पडते : चांगल्या पावसाळ्यात तो भरतो आणि पुढचे पाणी ओढ्याला लागते.

पावसासाठी जीपीएम या पर्जन्यमापी उपग्रह मोहिमेची आयमर्ग ही अर्ध्या-अर्ध्या तासाच्या आकड्यांची मालिका वापरतात. तिचा एक चौकोन सुमारे ११ किमी.चा असतो. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरच्या घाटात ढगमाथे फार उंच नसतानाही धो-धो कोसळते. असा पाऊस उपग्रह बऱ्याचदा कमी धरतो. अर्ध्या तासाचे आकडे ‘मिमी. प्रतितास’ असतात, ते निम्मे करून मग दिवसाच्या ४८ आकड्यांची बेरीज करावी, नाहीतर पाऊस दुप्पट दिसतो. मालिकेची वेळ ग्रिनिचची, तर पर्जन्यमापक सकाळी ८.३० ला वाचतात. म्हणून बेरीज ग्रिनिच ३ वाजल्यापासून दुसऱ्या दिवशी ३ वाजेपर्यंत करावी. एरवी रात्रीचा पाऊस भलत्याच तारखेला जातो.