कॅथलिक बिशप आणि अँग्लिकन बिशप: विरोधी मताचं पुढे काय होतं?

अँग्लिकन म्हणजे चर्च ऑफ इंग्लंड आणि जगभरची तिच्याशी जोडलेली चर्चं. बाहेरून पाहणाऱ्याला या दोन बिशपांत फरक करणं कठीण. तीच टोकदार टोपी, हातात तोच दंड, उपासनाही बरीचशी मिळतीजुळती. त्यात कॅन्टरबरीच्या आर्चबिशपना ‘अँग्लिकनांचे पोप’ म्हणायची सवय. घोटाळा तिथेच होतो. पोप परदेशातला बिशप नेमतात आणि हटवतातही. कॅन्टरबरीचे आर्चबिशप इतर देशांतल्या स्वतंत्र अँग्लिकन चर्चांच्या बिशपच्या केसालाही धक्का लावू शकत नाहीत.

१९९४ साली हा फरक उघड्यावर आला. मार्चमध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या अँग्लिकन कॅथिड्रलमध्ये, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चमध्ये, ३२ स्त्रियांना याजकपदाची (धर्मगुरुपदाची) दीक्षा मिळाली. मे महिन्यात पोप जॉन पॉल दुसरे यांनी पत्र काढलं: स्त्रियांना ही दीक्षा देण्याचा अधिकार चर्चला नाहीच, आणि हे सर्वांनी कायमचं मानावं.

इंग्लंडमधला निर्णय मतदानाने झाला होता. तिथल्या जनरल सिनडची, म्हणजे चर्चच्या प्रतिनिधीसभेची, तीन सभागृहं आहेत: बिशपांचं, धर्मगुरूंचं आणि सामान्य सभासदांचं. अशा ठरावाला तिन्हीकडे दोन तृतीयांश मतं लागतात. स्त्री बिशपांचा ठराव २०१२मध्ये सामान्य सभासदांच्या सभागृहात अवघ्या सहा मतांनी पडला आणि २०१४मध्ये मंजूर झाला. मतदानात हरलेल्यांचीही सोय असते. स्त्री याजक न मानणाऱ्या धर्मग्रामांना वेगळे, फिरते बिशप मिळाले. लोकांनी त्यांचं नाव ‘उडते बिशप’ पाडलं. एकाच चर्चमध्ये एकमेकांची दीक्षा न मानणारी माणसं! मला हे कधी औदार्य वाटतं, कधी निव्वळ टाळाटाळ.

कॅथलिक बाजूचा मोठा गैरसमज म्हणजे पोपचा प्रत्येक शब्द अचूक मानला जातो. १८७०च्या व्हॅटिकन परिषदेने ही अचूकता फार आवळून बांधली आहे. त्यानंतर ती उघडपणे वापरली गेली एकदाच, १९५० साली, येशूची आई मरिया सदेह स्वर्गात गेली, या शिकवणीविषयी. एरवी शिस्त राखली जाते ती नेमणुका आणि शिकवण्याचे परवाने यांतून. स्विस धर्मगुरू आणि ईश्वरविद्येचे प्राध्यापक हान्स क्युंग यांनी या अचूकतेवरच प्रश्न उभा केला, तेव्हा १९७९मध्ये कॅथलिक ईश्वरविद्या शिकवण्याचा त्यांचा परवाना गेला. धर्मगुरुपद मात्र शाबूत राहिलं, आणि जर्मनीतल्या ट्यूबिंगन विद्यापीठातली प्राध्यापकीही. तुमचं मत तुमच्यापाशी, चर्चच्या नावावर ते खपवू नका, एवढाच त्या कारवाईचा अर्थ. उलट फ्रान्सचे परंपरावादी कॅथलिक आर्चबिशप लफेव्र यांनी १९८८मध्ये पोपचा शब्द मोडून चार बिशपांना दीक्षा दिली आणि लगेच बहिष्कार ओढवून घेतला. टीकेने पोपच्या अधिकाराला ओरखडा पडतो. परस्पर केलेल्या बिशपांमुळे समांतर गादी उभी राहते.

अँग्लिकनांत अशी समांतर गादी खरोखर उभी राहिली. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताचे बिशप कोलेन्सो मूळचे गणिती. मोशेच्या ग्रंथांतले (बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांतले) आकडे जुळत नाहीत, असं त्यांनी लिहिलं. १८६३मध्ये केपटाऊनच्या बिशप ग्रे यांनी त्यांना पदच्युत केलं. कोलेन्सो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे साम्राज्याच्या वरिष्ठ न्यायपीठाकडे गेले, आणि ग्रे यांना तसा अधिकारच नव्हता, असा निकाल १८६५मध्ये लागला. या धगीतच जगभरच्या अँग्लिकन बिशपांची १८६७ची पहिली लॅम्बेथ परिषद भरली. तिचे ठराव आजही कुणावर बंधनकारक नसतात. शेवटी १८६९मध्ये ग्रे यांनी नाताळमध्ये दुसरा बिशप बसवला. कोलेन्सो हलले नाहीत. १८८३मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत त्या प्रांतात दोन बिशप होते, आणि कॅथिड्रल पदच्युताच्याच ताब्यात होतं.