तुंबलेल्या संडासात ॲसिड ओतण्याआधी हे वाचा

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात दुकानातला फोन खाली ठेवायला सवड नसते. “संडास तुंबलो हा, बेगीन येवा.” आम्ही येतोच. पण निघण्याआधी एक प्रश्न विचारतो : भांड्यात काही ओतलंय का? उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असं येतं. मग घरी पोचल्यावर दारातच नाकाला झोंबणारा वास सांगतो की आख्खी बाटली रिकामी झालेली आहे.

कुडाळ-मालवण पट्ट्यात आम्ही नळकाम करतो, सॅनिटरी सामान विकतो, टाक्या उपसण्याची व्यवस्था करतो. आमचा सगळ्यात जास्त वेळ कशात जातो असं कुणी विचारलं, तर तुंबलेला कचरा काढण्यात नव्हे. तो जातो त्या कचऱ्यावर ओतलेल्या ॲसिडपायी. हे पत्रक मुख्यतः त्यासाठी आहे.

भांड्यात नक्की काय अडकतं ते आम्ही रोज काढून बघतो. सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे डायपर, ओले वाइप्स, केसांचे गुंते, पुड्यांचे प्लास्टिक. आणि आपल्याकडचं खास म्हणजे नारळाचं सोडण. भांडं घासायला सोडण छान, हे आम्हालाही मान्य आहे. पण घासताना त्याचे धागे सुटतात, ट्रॅपच्या, म्हणजे भांड्याखालच्या वाकड्या नळीच्या, वळणात बसतात, त्यावर केस अडकतात आणि महिन्याभरात तिथे एक जाळं तयार होतं. चुलीची राख वापरणाऱ्या घरांत ती त्याच वळणात तळाला बसते आणि चिखलासारखी घट्ट होते.

आता यातल्या कशावर ॲसिड चालतं? ॲसिड चुना खातं, सिमेंट खातं, लोखंड खातं. प्लास्टिक, केस, काथ्या आणि पॅडमधला कापूस यांचं ते भांड्यात पडून राहून काहीही बिघडवत नाही. त्यामुळे तुंबलेलं तसंच राहतं आणि ॲसिड त्यावर साचून राहतं. काम ते दुसरीकडेच करतं. भांडं आणि फरशी यांच्यामधला सिमेंटचा सांधा हळूहळू पोखरला जातो, मग काही महिन्यांनी मागच्या भिंतीला ओल का आली म्हणून तुम्ही पुन्हा आम्हालाच बोलावता. वाफेने नळाचा चकचकीत मुलामा आणि दाराच्या बिजागऱ्या काळ्या पडतात, ते वेगळंच.

आमचा माणूस अशा घरात पोचला की काय करावं लागतं ते सांगतो, म्हणजे उशीर का होतो ते कळेल. आधी खिडकी आणि दार उघडून बाहेर थांबायचं. भांडं काठोकाठ भरलेलं असतं, त्यामुळे पाणी ओतून ॲसिड पातळ करण्याची सोय नसते. लांब दांड्याच्या प्लास्टिकच्या भांड्याने ते सगळं थोडं थोडं बादलीत काढायचं, त्यात धुण्याचा सोडा चमच्याचमच्याने घालायचा, फेस खाली बसला की पुन्हा घालायचा. फेस येणं थांबलं की मगच प्लंजर, म्हणजे रबरी वाटीचा दांडा, हातात घ्यायचा. वीस मिनिटांच्या कामाला दीड तास लागतो आणि पुढच्या घरची मंडळी आमच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. या कामाचे आम्ही २०० रुपये जादा घेतो, त्यावर काहीजण नाराज होतात. पण तीन वर्षांपूर्वी ऐन गणपतीत आमच्याकडच्या एका मुलाने ‘काही ओतलेलं नाही’ या शब्दावर विसंबून प्लंजर मारला आणि तोंडावर शिंतोडे उडाले. शेजारीच नळ होता आणि त्याने लगेच डोळे धुतले, म्हणून दृष्टी वाचली. त्या दिवसापासून गॉगल आणि हातमोज्यांशिवाय आम्ही कुणालाही कामाला लावत नाही. तुमच्या घरात असं कधी झालं, तर डोळा वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धरा आणि तसेच दवाखान्यात जा. चोळू नका, दुसरं काही घालू नका.

याहून वाईट प्रकार म्हणजे ॲसिडने काम झालं नाही म्हणून वरून ब्लीचिंग पावडर टाकणं. विहिरीसाठी आणलेली टीसीएल पावडर घरात असतेच, ती टाकली जाते. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. चार फूट बाय चार फुटाच्या बंद संडासात तो छातीत भरायला काही क्षण पुरतात. घरात बाकी काहीही विसरलात तरी चालेल, ही जोडी मात्र कधीही एकत्र होऊ देऊ नका.

आमच्या दुकानात सुटं ॲसिड मिळत नाही आणि मिळणारही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली त्याच्या किरकोळ विक्रीवर बंधनं घातली : विक्रेत्याने घेणाऱ्याचं ओळखपत्र बघायचं, नाव-पत्ता वहीत लिहायचा, अठरा वर्षांखालच्या कुणाला द्यायचंच नाही. तरी ते पाण्याच्या जुन्या बाटल्यांतून घराघरांत पोचतं, आणि तीच बाटली न्हाणीच्या कोपऱ्यात लहान मुलांच्या हाताला येईल अशी उभी असते.

मग तुंबल्यावर करायचं काय? पहिलं म्हणजे पाणी ओतणं थांबवा. ‘अजून एक बादली मारून बघू’ यातूनच पाणी फरशीवर येतं. न्हाणीचं पाणी नीट जातंय का ते बघा, आणि घरात दोन संडास असतील तर दुसराही बघा. एकच भांडं अडलं असेल तर अडथळा ट्रॅपमध्ये आहे आणि तो बहुधा तुमच्याच हाताने निघेल. दोन्ही अडले असतील तर दोष बाहेरच्या चेंबरमध्ये किंवा टाकीत आहे, तिथे प्लंजर मारून दमू नका, सरळ फोन करा. प्लंजर मारताना तो भांड्याच्या तोंडावर घट्ट बसायला हवा आणि रबर पाण्याखाली बुडायला हवं. हवा दाबून काही होत नाही, पाणी दाबलं जायला हवं. दहा-पंधरा वेळा सावकाश दाबा, मग एकदम वर ओढा. भांडी घासायचं पातळ साबण अर्धी वाटी आणि कोमट पाणी घालून अर्धा तास थांबल्यानेही पुष्कळदा सुटतं. पाणी कोमटच हवं. उकळत्या पाण्याने भांड्याला तडा जातो. भारतीय भांड्याचा आणि कमोडचा प्लंजर वेगळा असतो, हे अनेकांना ठाऊक नसतं. कमोडच्या प्लंजरला खाली एक जास्तीचा रबरी गळा असतो. दोन्ही आमच्याकडे आहेत, आणि घरात एक असला तर आम्हाला बोलावण्याची निम्मी कारणं संपतील. तसं झालेलं आम्हाला चालेल.

ॲसिड वापरण्याचं दुसरं कारण डाग, आणि याबाबत आम्ही ग्राहकांना दोष देत नाही. आपल्या जांभ्याच्या जमिनीत लोह भरपूर. काही बोअरचं पाणी काढताना काचेसारखं स्वच्छ दिसतं, बादलीत रात्रभर ठेवलं की तळाला तांबूस गाळ बसतो. तुमच्या भांड्यातला तांबडा-पिवळा पट्टा तोच. तो अस्वच्छतेचा नसतो, गंजाचा असतो. म्हणून कितीही घासला तरी जात नाही आणि घरच्या बाईला उगाच बोल लागतात. ब्लीचिंगने तर तो आणखी पक्का होतो. त्यावर किराणा दुकानातलं लिंबूसत्व वापरा. दोन-तीन मोठे चमचे पेलाभर कोमट पाण्यात विरघळवा, जुनं सुती फडकं त्यात भिजवून डागावर चिकटवा, रात्रभर राहू द्या, सकाळी फडकं काढून मऊ ब्रशने घासा. पहिल्या वेळेला पूर्ण गेला नाही तर आठवड्याने पुन्हा करा. खाडीकाठच्या मचूळ पाण्याने बसणारे पांढरट थरही यानेच सुटतात. फडकं मात्र आठवणीने बाहेर काढा, तेही आम्ही ट्रॅपमधून काढलेलं आहे.

तारेचा काथ्या आणि खरखरीत पावडर भांड्याला लावू नका. चकाकी ओरखडली की त्या रेघांत घाण धरते, मग रोज घासूनही भांडं मळकटच दिसतं.

बाजारात मिळणाऱ्या संडास साफ करायच्या दाट द्रवातही ॲसिडच असतं, पण साधारण दहा टक्के, आणि ते कडेला चिकटून राहील असं केलेलं असतं. सुटं ॲसिड त्याच्या तिप्पट तिखट असू शकतं. आठवड्यातून एकदा-दोनदा तो द्रव कडेच्या आतल्या बाजूने फिरवून बाटलीवर लिहिलेली वेळ थांबा आणि घासा, एवढं पुरतं. रोज मात्र साबणाचं पाणी आणि ब्रश. कमोडच्या कडेखाली, जिथे नजर जात नाही तिथे, वाकडा ब्रश लागतो. ब्रश ओला तसाच डब्यात ठेवू नका, पाणी निथळू द्या.

खरं सांगायचं तर भांड्यापेक्षा हात लागणाऱ्या जागा जास्त महत्त्वाच्या : दाराची कडी, नळ, मगाचा कान, फ्लशचं बटण. भांडं चकचकीत असतं आणि कडी वर्षानुवर्षं पुसलेली नसते. त्या जागा वेगळ्या फडक्याने साबण लावून पुसा, आणि आधी त्या पुसा, मग भांड्याकडे वळा. घरात कुणाला जुलाब होत असतील तेव्हा त्या जागांना सौम्य ब्लीच रोज लावा, त्या दिवशी ॲसिडचा द्रव पूर्ण बंद ठेवून.

सेप्टिक टाकीबद्दल थोडं. टाकीतले जंतूच मैला कुजवतात. एखाद्या वेळी गेलेलं चमचाभर क्लीनर मोठ्या टाकीत विरून जातं, त्याची भीती नको. रोज बाटलीभर फिनाईल किंवा ॲसिड गेलं तर मात्र ते जंतू मरतात, मैला कुजत नाही आणि टाकी वेळेआधी भरते. जंतूंच्या पावडरीची पाकिटं आमच्याकडेही विचारली जातात. वापरात असलेल्या घराला ती लागत नाहीत, म्हणून आम्ही ठेवत नाही. न्हाणीचं पाणी माडाच्या आळ्यात सोडायची आपली जुनी पद्धत चांगली आहे, ती मोडून साबणाचं पाणी टाकीत घेऊ नका. नवीन शोषखड्डा घेणार असाल तर विहिरीपासून निदान १८ मीटर लांब घ्या. जांभ्याला भेगा असतात, त्यामुळे याहून जास्त जागा असेल तर जास्तच ठेवा.

मुंबईहून वर्षातून दोनदा येणाऱ्या मंडळींचा ठरलेला फोन असतो : घर उघडलं आणि टाकी फुटल्यासारखा वास आला. टाकीला काहीही झालेलं नसतं. भांड्याखालच्या ट्रॅपमध्ये सुमारे दोन इंच पाणी कायम उभं असतं, तेच टाकीतला वायू अडवतं. घर उन्हाळाभर बंद राहिलं की ते आटतं. प्रत्येक भांड्यात आणि न्हाणीच्या जाळीत बादलीभर पाणी ओता, खिडकी उघडा, तासाभरात वास जाईल. परत जाताना शेवटचं पाणी ओतून झाल्यावर वर दोन चमचे गोडेतेल सोडा, पाणी सावकाश आटतं. आणि टाकीच्या उभ्या पाइपच्या तोंडाला जाळी बांधलेली आहे ना, ते बघून जा. तिथूनच डास आत-बाहेर करतात. जाळीची टोपी आमच्याकडे मिळते, नसेल तर नायलॉनचं कापड बांधलं तरी चालेल.

जुलै-ऑगस्टमध्ये ‘टाकी भरली, उपसून द्या’ असं सांगणाऱ्या खाडीकाठच्या आणि सखल भागातल्या ग्राहकांना आम्ही कधीकधी नाही म्हणतो. काम टाळतो असं वाटू देऊ नका. त्या दिवसांत जमिनीतलं पाणीच वर आलेलं असतं, शोषखड्डा पाणी घेत नाही. आज उपसलं तर टाकी चार दिवसांत पुन्हा भरलेली दिसेल. प्लास्टिकची टाकी रिकामी केली तर खालच्या पाण्याने ती वर उचलली जाते, तिचे पाइप तुटतात. टाकी दोन-तीन वर्षांतून एकदा एप्रिल-मेमध्ये उपसावी, विशेषतः गणपतीत चार माणसांच्या घरात वीस माणसं राहणार असतील तर. आणि टाकीत माणूस उतरवा, स्वस्तात होईल, असं कृपा करून सुचवू नका. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने त्याला मनाई आहे. टाकीतला वायू आधी कुजक्या अंड्यासारखा वास देतो, जास्त झाला की नाकाला वास येणंच थांबतं, आणि आत गेलेला माणूस तिथेच कोसळतो. आम्ही फक्त पंपाच्या गाडीने उपसतो. त्यासाठी झाकण सापडायला हवं. अंगणात नव्या फरशा बसवताना झाकणावर निदान एक सुटी फरशी ठेवा.

२०१६ साली केंद्र सरकारच्या ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षणात सपाट प्रदेशातल्या जिल्ह्यांमध्ये आपला सिंधुदुर्ग पहिला आला होता. त्या जिल्ह्यात हे काम करतो याचा आम्हाला अभिमान आहे.

गणपतीआधीच्या तपासणीसाठी नावं नारळी पौर्णिमेपर्यंत घेतो. त्यात ट्रॅप, चेंबर, सांधे आणि जाळी एका फेरीत बघून होतात. फोन करताना भांडं कुठल्या प्रकारचं आहे, न्हाणीचं पाणी जातंय का आणि टाकी शेवटची कधी उपसली ते सांगा. आणि ॲसिड ओतलं असेल तर तेही मोकळेपणाने सांगा. आम्ही रागावत नाही, फक्त सोड्याचा डबा गाडीत घेऊन निघतो.