शाई, कणीक आणि पावसाळी हवा

ऐन भजनाला बसताना मृदंग उतरला की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘नजर लागली.’ खरं कारण हवेत असतं. चामडं म्हणजे कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंची वीण. श्रावण-भाद्रपदात कोकण किनाऱ्यावरची हवा बाष्पाने भरलेली असते. ते बाष्प चामड्यात शिरतं, तंतू फुगतात, पुडी म्हणजे मृदंगाच्या तोंडावर ताणलेलं चामडं सैलावतं आणि सूर खाली येतो. चवथ म्हणजे गणेशचतुर्थी नेमकी याच दिवसांत येते, म्हणून घरोघरच्या आरत्यांत आणि डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, ही तक्रार दरवर्षी ऐकू येते.

शाळा सुटल्यावर देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या पडवीत मुलांचे मृदंगाचे वर्ग भरतात. बहुधा मुलं दहा आणि मृदंग एक. एकजण वाजवतो, बाकीचे मांडीवर बोल मोजत बसतात. त्या बसलेल्या मुलांना पुडीचं शास्त्र शिकवायला हवं. ज्या मुलीला आपला मृदंग का उतरला हे कळतं आणि तो स्वतः चढवता येतो, तिला जाणत्या माणसाची वाट पाहत बसावं लागत नाही.

सुरुवात एका साध्या प्रश्नाने करावी. ढोलावर काठी मारली तर आवाज दणदणीत येतो, पण तो ‘सा’ आहे की ‘रे’ हे सांगता येत नाही. मृदंगाचा सूर मात्र पेटीच्या सुराशी चपखल बसतो. चामडं दोन्हीकडे, मग फरक कुठला?

तार छेडली की ती एकाच वेळी अनेक प्रकारे कंप पावते. मूळ कंपनसंख्या १ धरली, तर बाकीच्या २, ३, ४, ५ अशा पूर्णांकी पटीत येतात. कान या पटी एकत्र बांधतो आणि आपल्याला एकच सूर ऐकू येतो. गोल, ताणलेल्या साध्या चामड्याची प्रमाणं मात्र अशी निघतात: १, १.५९, २.१४, २.३०, २.६५, २.९२. यांची मोट बांधता येत नाही, म्हणून ढोलाला ठाम सूर नसतो. १९२० साली सी. व्ही. रामन आणि एस. कुमार यांनी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात दाखवलं की आपल्या तालवाद्यांत ही प्रमाणं जवळजवळ १, २, ३, ४, ५ होतात. १९३४ मध्ये रामन यांनी त्यावर सविस्तर लिहिलं. किमया पुडीच्या मधोमध असलेल्या काळ्या शाईची आहे.

शाई म्हणजे लोखंडाची बारीक पूड आणि शिजवलेल्या भाताची किंवा पिठाची खळ. तिचे पातळ थर एकावर एक देतात आणि प्रत्येक थर गुळगुळीत दगडाने घोटतात. घोटताना शाईला जाळीसारख्या बारीक भेगा पडतात. त्या दोष समजून बुजवायच्या नसतात. भेगा नसतील तर शाईची ताठ चकती होईल, पुडी लवणार नाही आणि सगळं गणित फसेल. शाईने वजन वाढवावं, ताठरपणा वाढवू नये, ही खरी अट.

आता हे वजन कुणाला जड जातं ते पाहू. मूळ कंपनात पुडीचा मध्यभाग सर्वांत जास्त वरखाली होतो, त्यामुळे मधलं ओझं त्यालाच जास्त मंदावतं. दुसऱ्या प्रकारात पुडीचा अर्धा भाग वर जातो तेव्हा दुसरा अर्धा खाली येतो आणि मधली रेषा स्थिर राहते. ही रेषा शाईतूनच जात असल्यामुळे त्या कंपनाला ओझं कमी जाणवतं. परिणामी १ आणि १.५९ यांतलं अंतर वाढून १ आणि २ होतं. पुढचेही असेच सरकतात. २.१४ आणि २.३० हे वेगळे प्रकार एकत्र येऊन ३ वर बसतात, त्यांच्या पुढचे दोन ४ वर आणि आणखी तीन ५ वर. एकूण नऊ प्रकारची कंपनं पाच स्वरांत सामावतात. हा परिच्छेद जड वाटला तर तो सोडून आधी पुढचा प्रयोग करावा.

मृदंग कापडाच्या चुंबळीवर उभा करा, शाईची बाजू वर. चाळलेली, अगदी कोरडी बारीक वाळू किंवा रवा चिमूटभर भुरभुरवा. मीठ वापरू नका, ते दमट हवेत पाझरतं आणि शाईतल्या लोखंडाला गंज आणतं. अनामिकेचं टोक शाईच्या कडेला हलकेच टेकवा आणि तिथून पाव वर्तुळ अंतरावर किनारीवर तर्जनी मारा. पाच-सहा आघातांनंतर रवा बोटापासून समोरच्या कडेपर्यंत एका रेषेत गोळा व्हायला लागतो. जिथे पुडी हलत नाही तिथेच तो टिकतो. मुलांनी ही रेषा एकदा डोळ्यांनी पाहिली की वरचे आकडे परके राहत नाहीत. रेषा धूसर आली तर बोटाचा दाब जास्त पडलाय किंवा रवा ओलसर आहे.

चढवतानाही हेच ज्ञान उपयोगी पडतं. किनारीवर चारी बाजूंनी वाजवून बघा. आवाज ‘वाँव-वाँव’ असा डुलत असेल तर ताण सगळीकडे सारखा नाही. एका दिशेचं कंपन सेकंदाला २०० आणि दुसऱ्या दिशेचं २०३ असेल तर सेकंदाला तीन हेलकावे ऐकू येतात. मुलांना हे हेलकावे मोजायला लावा. मोठा फरक गठ्ठे, म्हणजे वाद्यांखाली अडकवलेले लाकडी ठोकळे, ठोकून काढायचा आणि बारीक फरक गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या वेणीवर. गजऱ्यावर वरून ठोकलं की सूर चढतो, खालून ठोकलं की उतरतो. सायकलच्या चाकाचे आरे ताणतात तसं समोरासमोर जात राहायचं. घाई इथेच महागात पडते. कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते, म्हणून ‘सा’वरून ‘रे’वर जायला ताण सुमारे २७ टक्के वाढवावा लागतो आणि पूर्ण सप्तक चढवायला चौपट. एवढ्यात पुडी फाटते. पेटीची पट्टी पांढरी चारवरून पाचवर नेली म्हणून तोच मृदंग ओढत बसू नये.

डाव्या बाजूला शाईऐवजी कणीक. घट्ट भिजवलेल्या गव्हाच्या पिठाचा, पुरीच्या लाटीपेक्षा मोठा गोळा मधोमध थापतात. वजन वाढवलं की सूर उतरतो, चिमटीने काढलं की चढतो. पीठ सैल भिजवलं तर वाजवताना गोळा घसरतो, फार घट्ट झालं तर कडा सुटून खरखरतात.

मुलांना वर्गात पाठवा म्हणजे गणितात हुशार होतील, अशी जाहिरात आता खेड्यांपर्यंत पोचली आहे. संगीताने बुद्धी वाढते या समजाला १९९३ च्या एका प्रयोगाने हवा दिली. त्यात ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोझार्टचं संगीत ऐकवलं होतं आणि चाचणीत दिसलेला फायदा दहा-पंधरा मिनिटांत विरला. त्यावर लहान मुलांच्या गुणपत्रिकेचे इमले बांधणं चूक आहे. मृदंग शिकायला मृदंगच पुरेसं कारण आहे.

पावसाळ्यात मृदंग झाकणाच्या पेटीत ठेवून आत २५ वॅटचा पिवळा बल्ब लावावा, पुडीपासून वीतभर दूर. हाताला सोसवेल एवढीच ऊब हवी. चुलीजवळ धरला तर चामडं एका अंगाने आवळतं आणि शाईचे पापुद्रे सुटतात. पेटीतून काढल्यावर पंधरा मिनिटं थांबून मगच सूर लावावा, कारण पुडी लगेच पुन्हा बाष्प ओढू लागते. वर्ग सुटताना डावीकडची कणीक काढून ओल्या फडक्याने पुसायची आणि बाजू कोरडी करायची. ती रात्रभर राहिली तर वाळून चामडं ओढते आणि उंदरांना आमंत्रण मिळतं. या कामाची पाळी रोज वेगळ्या मुलाकडे द्यावी.