दोघांत एक गोल्फ सेट चालेल का? (सेट भाड्याने नेण्याआधी एवढं वाचा)

हा प्रश्न फोनवर, व्हॉट्सॲपवर, काउंटरवर सतत येतो म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. रविवारी सकाळी मित्राबरोबर नऊ होल खेळायचेत, स्पर्धा नाही काही नाही, मग भाडं दोनदा कशाला, असं वाटणं साहजिक आहे. तरीही आम्ही दोघांत मिळून एक सेट देत नाही. जास्त भाडं काढायला हे करतात असं वाटत असेल तर पुढचं वाचून ठरवा.

बऱ्याच कोर्सवर प्रत्येकाची वेगळी बॅग लागते, नसेल तर पहिल्या टीवरच, म्हणजे सुरुवातीचा फटका मारायच्या जागीच, अडवतात. नियमातही दुसरा खेळतोय त्याचा क्लब (बॉल मारायची स्टिक) घेऊन फटका मारता येत नाही, फक्त एकाच बाजूने खेळणारे पार्टनर असाल तर चालतं आणि तेव्हाही दोघांचे मिळून चौदाच. आता मित्रामित्रांत नियम कोण बघतं, तेही खरं. पण तुमचा बॉल डावीकडच्या झाडांत आणि मित्राचा उजवीकडच्या रफमध्ये, म्हणजे लांब गवतात, गेला की एकच बॅग कुठे न्यायची? निम्मा वेळ सेव्हन आयर्नसारखा एखादा क्लब हातोहात पोचवण्यात जातो आणि मागचा ग्रुप कमरेवर हात ठेवून बघत उभा.

आमचा खरा त्रास वेगळाच आहे, परत आलेल्या बॅगेत वेज, म्हणजे जवळून बॉल उचलून मारायचा क्लब, नसतो. ग्रीनजवळ (होलभोवतीच्या बारीक गवताजवळ) आलात की वेज आणि पटर (ग्रीनवर बॉल होलकडे घरंगळवायचा क्लब) दोन्ही घेऊन चालत जाता, वेजने चिप म्हणजे छोटा फटका मारता, वेज तिथेच गवतावर ठेवता आणि पटर घेऊन पुढे. पट, म्हणजे पटरचा फटका, होलमध्ये गेला की खुशीत, नाही गेला की वैतागत पुढच्या टीकडे, वेज राहिला मागे. सेट एकच असला तर तुम्हाला वाटतं त्याने उचलला, त्याला वाटतं तुम्ही उचलला, आणि हे कळतं दोन होल नंतर. पूर्वी झेंड्याची काठी काढून ग्रीनबाहेर ठेवायचे, जास्तीचा क्लब तिच्यावरच आडवा टाकायचे, त्यामुळे काठी उचलताना क्लबही हातात यायचा. २०१९ पासून काठी होलमध्ये ठेवूनही पट करता येतो, खेळ पटपट होतो, पण ती सवय गेली.

म्हणून क्लब ठेवायचा तो बॅग आणि होल यांच्यामध्ये, म्हणजे ग्रीनवरून ज्या बाजूने बाहेर पडणार त्या वाटेवर. चिप जिथून मारली तिथे अजिबात नाही. कॅडी (बॅग उचलणारा मदतनीस) असला तरी हेच करा, तो दोन बॅगा, दोन बॉल आणि तुमच्या गप्पा असं सगळं सांभाळत असतो. नवव्या होलनंतर पाणी पिताना बॅगेतले क्लब एकदा मोजा.

एक वेज गेला तर काय एवढं, असं काही जण म्हणतात. जुन्या मॉडेलचा सुटा आयर्न किंवा वेज सहज मिळत नाही, मग तो अख्खा सेट कोपऱ्यात पडतो, आणि पुढच्या सकाळी ज्यांना तो द्यायचाय त्यांना फोन करून माफी मागायची ती आम्हीच. डिपॉझिट घेतो ते यासाठी, आणि परत देताना तुमच्यासमोर क्लब मोजतो तेही यासाठीच, कृपया राग मानू नका.

मग दोघांनी काय घ्यायचं? हाफ सेट घ्या, प्रत्येकी एक. ड्रायव्हर, हायब्रिड, सहा आणि आठ नंबर आयर्न, पिचिंग वेज, सॅंड वेज, पटर. नियमात चौदा ही वरची मर्यादा आहे, कमीत कमी किती याला बंधन नाही. नवीन माणसाला सात पुरतात, उलट कुठला क्लब काढू हा विचार कमी होतो. बॅग हलकी, स्टँडवाली, खांद्यावर घेऊन चालता येते, आणि दोन हाफ सेटचं भाडं एका फुल सेटपेक्षा फार जास्त होत नाही. एका सेटच्या शाफ्टवर लाल पट्टी, दुसऱ्यावर पिवळी लावून देतो, म्हणजे क्लब मिसळले तरी घरी जाताना वाद नको.

आणि हो, बॉल शोधायला नियमाने तीन मिनिटं, २०१९ च्या आधी पाच होती. झाडीत गेलाय असं वाटलं तर आधी मित्राला तसं सांगा आणि पहिला जिथून मारला तिथूनच दुसरा, म्हणजे प्रोव्हिजनल, मारून ठेवा. स्ट्रोक मोजत बसण्यापेक्षा होलगणिक हारजीत खेळलात तर जास्त मजा येते, मित्राचा छोटा पट त्याला मारायला न लावता गेला असं मानून देऊन टाकता येतो, आणि एखाद्या होलवर दहा फटके लागले तरी जातो तो एकच होल.

पावसाळ्यात प्रत्येक बॅगेत टॉवेल देतो, ग्रिप पुसूनच फटका मारा. स्वतःचा सेट असेल आणि ग्रिप गुळगुळीत झाली असेल तर बदलूनही देतो, पावसाआधी आणा, नंतर गर्दी होते. दोघांपैकी कोणी डावखुरा असेल तर बुकिंग करतानाच सांगा, डावखुरे सेट आमच्याकडे मोजकेच आहेत आणि शनिवार-रविवारचे आधीच जातात.