‘पारदर्शकतेत भारत 96वा’ ही बातमी चुकीची का?

वर्षाच्या सुरुवातीला आमच्या रत्नागिरीतल्या गटांवर हटकून फिरणारी ही बातमी. कृपा करून ती पुढे पाठवू नका. ती यादी भ्रष्टाचाराची आहे. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल 1995 पासून ती काढते. संस्थेच्या नावात पारदर्शकता असली, तरी मोजलं जातं ते जाणकारांना आणि व्यावसायिकांना सरकारी यंत्रणा किती भ्रष्ट वाटते ते. 2024 मध्ये 180 देशांत आपण 96वे, गुण 100 पैकी 38 (जास्त गुण म्हणजे कमी भ्रष्ट). एवढं बहुतेकांना ठाऊक असतं.

सरकारी पैशाचा खुलेपणा मोजतो तो ओपन बजेट सर्व्हे, 2006 पासून. तिथे कुणाच्या मताला जागा नाही. अर्थसंकल्पपूर्व निवेदनापासून लेखापरीक्षण अहवालापर्यंत आठ कागद वेळेवर लोकांसमोर आले का आणि त्यांत तपशील किती, पारदर्शकतेच्या गुणांसाठी एवढंच बघतात. 100 पैकी 61 गुण पुरेसे धरतात. 2019 मध्ये आपल्याला 49 होते.

घोळ होतो तो पुढे. हिशेब खुला म्हणजे व्यवहार स्वच्छ, असं लोक धरून चालतात. त्याच 2019 मध्ये या सर्व्हेत न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका दोघांना 87 गुण मिळाले. भ्रष्टाचाराच्या यादीत न्यूझीलंडला 87, दक्षिण आफ्रिकेला 44.

आमच्या वाडीच्या वहाळावर (ओढ्यावर) नवा साकव, म्हणजे छोटा पूल, झाला. शेजारी फलक लागला: कामाचं नाव, योजना, रक्कम, ठेकेदार, मुदत. एका पावसाळ्यात कठड्याचे पोपडे निघाले आणि आतली सळई तांबडी दिसायला लागली. ‘फलक होता ना, मग काम पारदर्शक कसं नाही?’ असं मला विचारतात. फलकापुरतं ते पारदर्शकच होतं. किती पैसे कशावर जायचे, ते त्याने सांगितलं. प्रत्यक्षात काम किती झालं हे मोजमाप पुस्तकात (एमबीत) असतं, आणि ग्रामसभेत ती एमबी कुणी मागितलीच नाही. सरपंच सज्जन आहेत म्हणून हिशेब न मागणारी गावंही मी पाहिली आहेत. तिथे भ्रष्टाचार नसेलही, पण पारदर्शकता नाहीच.

मला या दोन मापांपैकी ओपन बजेट सर्व्हे जास्त कामाचा वाटतो. गुण का कापले ते कागदाचं नाव घेऊन सांगता येतं आणि तो कागद मागता येतो. मात्र हा सर्व्हे केंद्र सरकारपाशी थांबतो. ग्रामपंचायतीचे कागद आपणच मागायचे. साकवाच्या एमबीची प्रत मी माहिती अधिकारात मागितली आहे. त्यातली सळई आणि कठड्याची लांबी फलकावरच्या रकमेशी ताडून बघायची आहे.