कॉल सेंटरची इमारत घरात आली कशी

फोनवरून ग्राहक सांभाळायचं काम 2020 साली घरात आलं, असं अनेकांना वाटतं. पण या कामाचं एक टोक सुरुवातीपासूनच घरात होतं. अमेरिकेतल्या अनेक खेड्यांमध्ये कित्येक वर्षं टेलिफोन एक्स्चेंज म्हणजे ऑपरेटरच्या राहत्या घरात बसवलेला स्विचबोर्ड असे. रात्री घंटी वाजली की उठायचं आणि जोडणी करून द्यायची. शहरांत मात्र हजारो तारा एका जागी येत, त्यामुळे ऑपरेटरही एका छताखाली बसवावे लागले. पुढची शंभर वर्षं हे काम इमारतीतच राहिलं, आणि घरी राहून ते करणं आजही जिथे अडतं त्याचं मूळ या काळात आहे.

एका छताखाली किती माणसं बसवायची, याचं उत्तर कोपनहेगन टेलिफोन कंपनीतले गणिती आग्नर क्रारूप एरलांग यांनी 1917 साली सूत्रांत मांडलं. कॉल सेंटरचं मनुष्यबळ आजही त्यांच्याच सूत्रांवरून ठरतं. अर्ध्या तासात 100 कॉल येतात आणि प्रत्येकाची एएचटी, म्हणजे बोलणं, होल्ड आणि नंतरची नोंद धरून लागणारा वेळ, 180 सेकंद आहे असं समजा. हा भार 10 एरलांग झाला, म्हणजे दहाजण सतत कामात राहतील एवढा. 14 जण लॉगिन असतील तर सुमारे 89 टक्के कॉल 20 सेकंदांच्या आत उचलले जातात आणि सरासरी वाट पाहणं 8 सेकंदांच्या आसपास राहतं. यातल्या दोघांचं इंटरनेट गेलं तर तेच प्रमाण 64 टक्क्यांवर येतं आणि वाट पाहणं 40 सेकंदांवर जातं. माणसं सातातली एकच कमी झाली, पण रांग पाचपट लांबली. घरून काम करणाऱ्याच्या पाच मिनिटांच्या खंडाकडे टीम लीडर इतक्या कडकपणे का पाहतो, ते या आकड्यांत दिसतं. उरलेल्या बाराजणांचा दोन कॉलमधला मोकळा वेळही निम्म्यावर येतो.

1967 साली अमेरिकेत ग्राहकाला फुकट पडणारे 800 क्रमांक सुरू झाले. 1973 मध्ये रॉकवेल कंपनीची ‘गॅलक्सी’ ही कॉल आपोआप वाटून देणारी यंत्रणा काँटिनेंटल एअरलाइन्सकडे बसली. सर्वांत जास्त वेळ रिकामा असलेल्या एजंटला, म्हणजे कॉल घेणाऱ्या कर्मचाऱ्याला, पुढचा कॉल द्यायचा, कोणी नसेल तर रांगेत धरायचा आणि प्रत्येकाचा प्रत्येक सेकंद नोंदवायचा, हे तिचं काम. अशा यंत्रणेच्या तारा टेबलापर्यंतच जात, म्हणून टेबल सोडून काम करता येत नसे.

त्याच 1973 साली अमेरिकी संशोधक जॅक निलस यांनी ‘टेलिकम्यूटिंग’, म्हणजे प्रवासाऐवजी तारेवरून कामावर जाणं, हा शब्द घडवला. त्यांची मूळ कल्पना घरून कामाची नव्हती, हे बहुधा विसरलं जातं. कर्मचाऱ्यांच्या घराजवळ छोटी उपकार्यालयं काढावीत आणि ती मुख्य कार्यालयाला तारेने जोडावीत, असा त्यांचा विचार होता. तेव्हा घरातली तार एवढा भार पेलू शकत नव्हती. तांब्याच्या एका जोडीवर एका वेळी बोलणं चाले किंवा संगणकाचा डेटा पाठवणारा मोडेम, दोन्ही नाही. घरी एजंट बसवायचा तर एक लाइन आवाजाला आणि दुसरी संगणकाला द्यावी लागे. आयएसडीएन या डिजिटल फोनलाइनमध्ये 64 किलोबिटचे दोन मार्ग एकाच जोडीवर मिळाले, आणि पुढे डीएसएल या फोनच्याच तारेवरच्या ब्रॉडबँडने आवाज व डेटा कायमचे वेगळे केले.

याच वळणावर जेटब्लू ही विमान कंपनी आली. 2000 साली तिची उड्डाणं सुरू झाली तेव्हा तिकीट आरक्षणाचे कॉल सॉल्ट लेक सिटी परिसरातले एजंट आपापल्या घरून घेत होते. मालकांना यातून जागेच्या बचतीइतकाच मोठा फायदा तुटक शिफ्टचा होता. समजा, कॉलची गर्दी सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास आहे. तेवढ्यासाठी दोनदा प्रवास कोणी करणार नाही, पण घरून दोनदा लॉगिन करता येतं. मधले तास मोकळे दिसत असले तरी त्यांचा पगार मिळतोच असं नाही, हे काम घेणाऱ्याने आधीच विचारून घ्यावं.

खरी सुटका इंटरनेटवरच्या आवाजाने केली. सिप, म्हणजे इंटरनेटवर कॉल जोडण्याचे ठरावीक नियम, 1999 साली प्रमाणित झाले. आवाज अंकांत बदलण्याच्या जी.711 या जुन्या पद्धतीत आवाजाचे 20 मिलिसेकंदांचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्याचं एक अशी सेकंदाला 50 पाकिटं जातात, आणि पत्त्यांचा मजकूर धरून एका दिशेला सुमारे 80 किलोबिट लागतात. म्हणजे वेग फारसा लागत नाही. लागतो तो नियमितपणा. पाकिटं उशिरा-लवकर आली तर समोरचं यंत्र थोडी साठवून मग वाजवतं. साठा संपला की शब्द तुटतो. घरात कोणी मोठी फाइल अपलोड करायला घेतली की राउटरच्या रांगेत आवाजाची पाकिटं तिच्यामागे अडकतात. ग्राहकाचं बोलणं तुम्हाला स्वच्छ ऐकू येतं, पण तुमचं बोलणं त्याच्यापर्यंत कापत पोहोचतं आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका दिशेचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत हवा. त्यापलीकडे माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात, आणि ग्राहकाला एजंट उद्धट वाटतो. म्हणून वाय-फाय सोडून राउटरपासून केबल ओढणं आणि ब्लूटूथऐवजी यूएसबीचा हेडसेट वापरणं, हे दोन उपाय जास्त वेगाचा प्लॅन घेण्याआधी करावेत.

घरच्या राउटरचं आणखी एक दुखणं. कॉल वाजतो, उचलला जातो, पण एका बाजूला पूर्ण शांतता. अनेक राउटरांत ‘सिप एएलजी’ नावाची सोय असते. ती मदत म्हणून पाकिटांतले पत्ते बदलते आणि कित्येकदा चुकीचे बदलते, मग आवाज भलत्याच दाराशी जातो. राउटरच्या सेटिंगमध्ये ती बंद केली की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो.

माणसांचं काय होतं, याचा नीट प्रयोग शांघायमध्ये सीट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरात डिसेंबर 2010 पासून नऊ महिने झाला. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकारी त्यामागे होते. घरून काम करायला तयार असलेल्यांपैकी पात्र ठरले 249 जण. किमान सहा महिन्यांची नोकरी, ब्रॉडबँड आणि काम करायला स्वतंत्र खोली या अटी होत्या. सम तारखेला जन्मलेले आठवड्याचे चार दिवस घरी, विषम तारखेचे कार्यालयात. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी 13 टक्क्यांनी वाढली. त्यातली 9 टक्के वाढ शिफ्टमधली कामाची मिनिटं वाढल्यामुळे होती, कारण ब्रेक आणि आजारपणाच्या रजा कमी झाल्या. 4 टक्के मिनिटामागे जास्त कॉल झाल्यामुळे, ज्याचं श्रेय शांत जागेला दिलं गेलं. नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्मं झालं.

या प्रयोगाचे एवढेच आकडे बहुतेक ठिकाणी फिरतात. त्याच अभ्यासात हेही आहे, की सारखीच कामगिरी असताना घरून काम करणाऱ्यांना बढती कमी मिळाली, आणि निवडीची मुभा मिळाल्यावर अनेकजण एकटेपणाला कंटाळून कार्यालयात परतले. स्वतंत्र खोलीची अट तर कोणी सांगतच नाही. ती काढून टाकली तर शांततेमुळे मिळालेला वाटा गृहीत धरता येत नाही.

मार्च 2020 मध्ये कोविड आला आणि कोणत्याही अटीला अर्थ उरला नाही. भारतात दूरसंचार विभागाने 13 मार्चला कॉल सेंटरांसाठी घरून कामाच्या अटी शिथिल केल्या, आणि काही दिवसांत अवजड डेस्कटॉप टॅक्सीत घालून घरोघरी पोहोचवले गेले. व्हीपीएनची, म्हणजे घरचा संगणक कार्यालयाच्या जाळ्याला जोडणाऱ्या सुरक्षित मार्गाची, क्षमता थोड्याच लोकांसाठी आखलेली होती. त्यातून आवाजही पाठवला की तो आधी कार्यालयात, मग बाहेर, आणि तसाच उलट फिरे. उशीर वाढे. आवाज थेट इंटरनेटवरून आणि ग्राहकाची माहिती तेवढी व्हीपीएनमधून, अशी विभागणी केल्यावर कॉल सुधारले.

इमारतीची दोन कामं मात्र तारेतून नीट आलेली नाहीत. पहिलं गुप्ततेचं. कार्यालयात कागद-पेन आणि मोबाइल टेबलावर आणायला बंदी घालता येते, घरात तशी नजर ठेवता येत नाही. म्हणून कार्ड क्रमांक एजंटला ऐकूच येऊ नये, ग्राहकाने तो फोनच्या बटणांवर दाबावा आणि एजंटला सपाट टोन ऐकू यावा, ही सोय घरच्या कामात पहिल्या दिवसापासून हवी. कार्डामागचा तीन आकडी क्रमांक व्यवहार मंजूर झाल्यावर साठवायला कार्ड उद्योगाच्या सुरक्षा नियमांत मनाई आहे, रेकॉर्डिंगमध्येसुद्धा.

दुसरं काम शेजारच्या खुर्चीचं. नवा एजंट अर्धं काम बाजूच्याचं बोलणं कानावर पडून शिकतो: चिडलेल्या ग्राहकाला किती वेळ बोलू द्यायचं, होल्डवर टाकण्याआधी काय सांगायचं. घरी तो प्रश्न चॅटवर टाकतो, उत्तराची वाट पाहतो, तोवर ग्राहक होल्डवर असतो आणि एएचटी वाढत राहते. ती वाढ त्याच्या नावावर लागते. सुरुवातीच्या आठवड्यांत अनुभवी एजंटचे चालू कॉल नव्यांना हेडसेटवर ऐकवणं आणि त्यांची एएचटी वेगळी मोजणं, एवढं केलं तरी ही उणीव बरीच भरून निघते.