फील्डवर्क सुपरविजन (समाजकार्य शिक्षण)

बीएसडब्ल्यू किंवा एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्यांच्या) विद्यार्थ्याला एखाद्या संस्थेत, हॉस्पिटलात नाहीतर वस्तीत कामाला पाठवतात, तेव्हा त्याच्या कामावर लक्ष ठेवून त्याला शिकवत राहणं म्हणजे सुपरविजन. पुस्तकात ‘क्षेत्रकार्य पर्यवेक्षण’ असं लिहितात, कॉलेजात तसं क्वचितच कुणी म्हणतं.

उगम कुठला यावर मतं वेगवेगळी आहेत. एक मत लंडनकडे बोट दाखवतं, तिथे ऑक्टेविया हिल १८६५ च्या सुमारास गरिबांची घरं सांभाळायला लागल्या आणि पुढे भाडं गोळा करणाऱ्या बायकांना त्यांनी स्वतः तयार केलं. दुसरं मत अमेरिकेतल्या चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायट्यांचं नाव घेतं, तिथे गरिबांच्या घरी जाणाऱ्या स्वयंसेवकांवर पगारी एजंट देखरेख करायचे. हिल यांचं काम ट्रेनिंगच्या जास्त जवळचं वाटतं, सुपरविजनचा धागा सोसायट्यांकडेच जास्त नीट जुळतो. १८९७ मध्ये अशाच एका सोसायटीतल्या मेरी रिचमंड यांनी या कामासाठी ट्रेनिंग स्कूलची मागणी केली आणि लगेच १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या सोसायटीने उन्हाळी वर्ग काढला. पुढे अमेरिकेतले समाजकार्याचे प्राध्यापक आल्फ्रेड कडुशिन यांनी सुपरविजनची तीन कामं सांगितली, प्रशासन, शिक्षण आणि आधार, आणि आपल्याकडेही तीच शिकवतात.

भारतात १९३६ ला मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल (आजची टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) सुरू झालं, पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शर्ट. ते आधीपासून नागपाड्याच्या नेबरहूड हाऊस या वस्तीतल्या समाजकेंद्रात काम करत होते, त्यामुळे वस्तीत जाऊन शिकणं इथे बाहेरून चिकटवलेलं नव्हतं. नंतर मुंबईचं निर्मला निकेतन कॉलेज (१९५५), पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था (१९६३) वगैरे आल्या.

साधारण पद्धत म्हणजे आठवड्याचे दोन दिवस फील्ड, मग रिपोर्ट, मग आयसी (इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स) म्हणजे एकट्याशी बसून चर्चा, आणि ग्रुपची जीसी (ग्रुप कॉन्फरन्स). खरं शिकणं आयसीत होतं. समजा विद्यार्थ्याने लिहिलं, ‘आईने सहकार्य केले नाही’, तर सुपरवायझर विचारणार की ती नेमकं काय म्हणाली, तू किती वाजता गेलास, आणि मग कळतं की तेव्हा नळाला पाणी आलेलं होतं, बाई हंडे भरत होती, बोलणार कधी! ते वाक्य खोडून त्याच्याकडून पुन्हा लिहून घेणं हेच सुपरविजन, बाकी हजेरी आणि सह्या कुणीही करेल. म्हणून एका सुपरवायझरकडे थोडेच विद्यार्थी असावेत, नाहीतर आयसी पंधरा मिनिटांत उरकते आणि रिपोर्टवर फक्त ‘सीन’ (Seen, म्हणजे पाहिलं) लिहून मिळतं.

ब्लॉक प्लेसमेंटमध्ये विद्यार्थी महिनाभर बाहेरगावी असतो, तिथे संस्थेतला कार्यकर्ताच सुपरवायझर, कॉलेजचा माणूस फोनवर.